राउटर बूट होत नाहीये? कार्ड पुसायच्या आधी तो कुठं अडकलाय ते बघा

नाशकात वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईट जाते, येते, परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा तरी फोन असतोच की राउटर मेला. मेला म्हणजे नक्की काय झालं विचारलं तर उत्तर एकच, बत्ती लागते पण नेट नाही. त्यानंतर बहुतेक जण काय करतात, तर ज्या मेमरी कार्डावरून राउटर चालतो ते काढतात, लॅपटॉपला लावतात आणि नवीन इमेज, म्हणजे तयार सिस्टिमची अख्खी फाइल, मारून मोकळे होतात. मग लक्षात येतं की पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या लॉगिनचा, पासवर्ड त्याच कार्डावर होता, व्हीपीएनच्या किल्ल्या तिथंच, कॅमेऱ्यांचे पोर्ट फॉरवर्ड तिथंच, आणि हे सगळं करून देणारा माणूस आता पुण्यात नोकरीला आहे. आणि गंमत म्हणजे नवीन इमेज मारूनही बऱ्याचदा राउटर चालू होत नाही, कारण बिघाड कार्डात नव्हताच.

म्हणून या लेखात एकच गोष्ट धरून चालूया: कार्डावर एक अक्षरसुद्धा लिहायच्या आधी बूट नेमका कुठं थांबतोय ते डोळ्यांनी बघायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

मी बोलतोय ते सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) किंवा एसडी कार्डावरून चालणाऱ्या लिनक्स राउटरबद्दल. पीसी इंजिन्सचे अलिक्स आणि एपीयू बोर्ड, क्वचित कुठं जुनं सोक्रिस, रास्पबेरी पाय ४ वर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलेलं, किंवा जुन्या थिन क्लायंट पीसीमध्ये सीएफचा अडॅप्टर लावून केलेला जुगाड. सातपूर, अंबडच्या वर्कशॉपात, इंदिरानगरच्या क्लासेसमध्ये असे डबे अजून बरेच आहेत आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावता चालतात, त्यामुळंच बंद पडल्यावर कुणाला काही आठवत नाही. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

बूटची साखळी सोपी आहे. आधी बोर्डाचा बायोस उठतो, तो कार्डावरचा बूटलोडर शोधतो, म्हणजे बहुतेक ग्रब. ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लोड करतो, कर्नल रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या फाइल असलेला भाग) माउंट करतो म्हणजे जोडून घेतो, मग इनिट हा पहिला प्रोग्रॅम उठतो आणि सर्व्हिसेस चालू होतात. यातली कुठली कडी तुटली हे कळलं की अर्धं काम झालं. आणि पाचही कड्या शाबूत असून फक्त नेट नसेल तर तो बूटचा प्रॉब्लेमच नाही, त्याबद्दल शेवटाकडं सांगतो.

आधी पॉवर, मग बाकी सगळं

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे सोडून देतात, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा चोर इथंच सापडतो. अॅडॉप्टर पूर्ण मरत नाही, म्हातारा होतो. आतला कपॅसिटर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली शिजून फुगतो, नुसता मोजला तर १२ व्होल्ट बरोबर दाखवतो आणि बोर्डानं करंट ओढला की खाली बसतो. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो राउटर जोडलेला असताना, बूट चालू असताना, आणि आकडा नाचतोय का ते बघायचं.

एपीयूला १२ व्होल्ट डीसी लागतं, जॅकच्या मधल्या टोकाला प्लस. अलिक्सची २डी मालिका मात्र ७ पासून २० व्होल्टपर्यंत काहीही खाते, त्यामुळं तिथं चाचणीसाठी दुसरा अॅडॉप्टर मिळवणं सोपं जातं. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर हवेत, आणि तिथं अॅडॉप्टरइतकीच केबल महत्त्वाची, मोबाईलची बारीक यूएसबी केबल लावली की वाटेतच व्होल्टेज पडतं. पायचा लाल दिवा यासाठी फार कामाचा आहे, व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो किंवा लुकलुकतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ दिसलं तर पुढचं काही वाचूच नका, आधी अॅडॉप्टर बदला.

पॉवरच्या बिघाडाची खूण अशी की बूट दर वेळी वेगळ्या जागी मरतो. एकदा ग्रबपर्यंत, एकदा कर्नलच्या मध्यावर, एकदा पूर्ण चालू होऊन वायफाय उठताना रिस्टार्ट. कार्ड खराब असेल तर साधारण एकाच जागी अडकतो. हा फरक लक्षात ठेवा. अजून एक सोपी टेस्ट म्हणजे यूएसबीचा ४जी डोंगल, वायफाय कार्ड, जे काढता येईल ते काढायचं आणि उघड्या बोर्डानं बूट करून बघायचं. तसं चालला तर लोड जास्त होतोय.

सध्या सगळीकडं दिसणारे १२ व्होल्टचे छोटे मिनी यूपीएस, त्यांच्याबद्दलही सांभाळून. लाईट गेल्यावर बॅटरीवर जाताना त्यातले काही क्षणभर डिप देतात, वायफायचा साधा राउटर तो डिप सहन करतो आणि आपला बोर्ड नेमका कार्डावर लिहीत असताना रिसेट होतो. निफाड, पिंपळगावकडच्या कोल्ड स्टोरेजला जिथं जनरेटरवर चेंजओव्हर होतो तिथं तर हे रोजचंच. तुमचा राउटर ‘लाईट गेल्यावरच’ बिघडत असेल तर कार्ड बदलत बसू नका, यूपीएसची वायर काढून थेट अॅडॉप्टरवर थोडे दिवस चालवून बघा.

सिरीयल केबल, हिच्याशिवाय सगळा अंधार

अलिक्सच्या २डी मालिकेला आणि एपीयूला मॉनिटर जोडायची सोयच नाही, जे काही बोलतात ते सिरीयल पोर्टवर. यूएसबी टू सिरीयल केबल आणि नल मोडेम (आत उलटसुलट जोडलेली सिरीयल) केबल एवढं घ्यायचं. चिप एफटीडीआयची असेल तर उत्तम, सीएच३४० पण चालते. प्रोलिफिकच्या नकली चिप बाजारात भरपूर आहेत आणि विंडोजचा नवीन ड्रायव्हर त्यांना ओळखून बंद पाडतो, मग माणूस राउटरवर संशय घेत बसतो. लिनक्सवर असाल तर पिकोकॉम किंवा स्क्रीन, विंडोजवर पुट्टी. लिनक्समध्ये परमिशन डिनाईड आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपात टाका. हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर वाचता येतं पण टाइप केलेलं काही जात नाही.

स्पीड बोर्डागणिक वेगळा असतो. अलिक्सचा बायोस ३८४०० वर बोलतो, एपीयू ११५२०० वर, सोक्रिस १९२०० वर, आणि पाय ११५२०० वर. आता इथली खरी गोम ऐका: अलिक्सचा बायोस ३८४०० वर स्वच्छ दिसतो, मेमरी मोजताना दिसतो, आणि मग अचानक चिनी-जपानी कचरा सुरू होतो आणि लोक म्हणतात कर्नल क्रॅश झाला. क्रॅश वगैरे काही नाही, कर्नलला कन्सोलचा स्पीड ११५२०० दिलेला आहे आणि तुम्ही अजून ३८४०० वर बसलाय. स्पीड बदलून परत बघा. कायमचा इलाज म्हणजे बायोस, ग्रब आणि कर्नल तिघांना एकच स्पीड द्यायचा.

पायसाठी मात्र ही आरएस२३२ ची केबल चुकूनही लावायची नाही. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आरएस२३२ चं व्होल्टेज त्यात गेलं की ती पिन किंवा अख्खा बोर्ड गेला. तिथं टीटीएलची ३.३ व्होल्टवाली केबल, ग्राउंड ६ नंबर पिनला, बोर्डाचा टीएक्स (पाठवायची पिन) ८ ला आणि आरएक्स (घ्यायची पिन) १० ला, आणि केबलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला असं उलटसुलट जोडायचं. केबलची लाल वायर मोकळी सोडायची. आणि कॉन्फिग फाइलमध्ये यूएआर्ट, म्हणजे पायचा सिरीयल पोर्ट, चालू केलेला नसेल तर काही दिसणार नाही, हे आधीच करून ठेवायचं काम आहे.

कन्सोलवर काहीच येत नाही

बायोससुद्धा बोलत नसेल तर कार्ड पूर्ण काढून टाका आणि मग चालू करा. बायोस कार्डावर नसतो, बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, त्यामुळं कार्ड नसतानाही अलिक्स, एपीयूनं काहीतरी बोललंच पाहिजे. कार्ड काढल्यावर बोलायला लागला तर कार्ड किंवा स्लॉट शॉर्ट आहे. तरीही गप्प असेल तर पॉवर, केबल, स्पीड, आणि शेवटी बोर्ड.

पायचं गणित वेगळं. पाय ४ चा पहिला बूटलोडर बोर्डावरच्या ईप्रॉममध्ये असतो, बाकी सगळं कार्डावर. हिरवा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं: ४ वेळा म्हणजे स्टार्ट डॉट एल्फ ही फाइल सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नलची इमेज सापडली नाही, ८ वेळा म्हणजे रॅमचा घोळ. ४ आणि ७ मध्ये कार्डाचं पहिलं फॅट पार्टिशन लॅपटॉपवर उघडून बघा, फाइल खरंच गायब आहे का शून्य साइजची झालीय, दुसऱ्या चांगल्या कार्डावरून कॉपी करून काम भागतं. दिवा एकदाही लुकलुकत नसेल तर ईप्रॉम रिकव्हरीची इमेज वेगळ्या कार्डावर मारून एकदा बूट करायचं, बरोबर झालं की हिरवा दिवा भराभर सारखा लुकलुकत राहतो.

बायोस बोलतो पण पुढं जात नाही

इथं कार्ड बाहेर काढून आधी टॉर्च मारून बघा. सीएफच्या सॉकेटमध्ये ५० बारीक पिना असतात, कुणी घाईत तिरकं कार्ड दाबलं की एखादी पिन आडवी होते, आणि ती पिन डेटाची असेल तर बायोसला कार्ड दिसतं पण वाचलेला माल चुकीचा येतो. सुईनं हळू सरळ करता येते, पण दोनदा वाकलेली पिन तुटतेच. एसडीला मायक्रो एसडीचा प्लॅस्टिकचा अडॅप्टर लावून वापरत असाल तर तो फेकून द्या आणि पूर्ण साइजचं कार्ड घ्या, वर्कशॉपच्या व्हायब्रेशनमध्ये आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते संपर्क टिकत नाहीत. संपर्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोडरबर नको, त्याचा चुरा सॉकेटात जातो.

अलिक्सवाल्यांनी बायोसच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवावं. मेमरी टेस्ट चालू असताना एस दाबला की एक छोटी यादी येते आणि जे चालू आहे त्याच्या अक्षराभोवती चांदण्या दिसतात. त्यात सीएचएस मोड आणि एलबीए मोड अशा दोन ओळी आहेत, म्हणजे कार्डावरच्या जागा मोजायच्या दोन पद्धती. एका मशीनवर पार्टिशन केलेलं कार्ड दुसऱ्या जॉमेट्रीनं वाचलं गेलं की ग्रब अर्ध्यात मरतो, तेव्हा यातला मोड बदलून बघायचा. एचडीडी वेट ही ओळ हळू उठणाऱ्या कार्डांसाठी, ‘पहिल्यांदा नाही होत, रिसेट केलं की होतं’ अशी तक्रार असेल तर हीच. आणि पीएक्सई बूट चालू असेल तर तो आधी नेटवर्कवरून बूट शोधत बसतो, लोकांना वाटतं लटकलाय. बदल करून क्यू दाबला की सेव्ह करू का विचारतो.

एपीयूमध्ये चालू होताना एफ१० दाबला की बूट मेन्यू येतो, त्यात कार्डाचं नावच नसेल तर कार्ड किंवा स्लॉट, नाव असेल तर बूटलोडर. त्याच मेन्यूत मेमटेस्टही आहे, रॅमचा संशय असेल तर रात्रभर लावून ठेवा.

ग्रब रेस्क्यू असा प्रॉम्प्ट आला तर ती चांगली बातमी समजा, कारण कार्ड वाचलं जातंय, फक्त ग्रबला त्याचं बाकीचं सामान सापडत नाहीये. एलएस टाइप केलं की पार्टिशन दिसतात, एकेकात डोकावून बूटचं फोल्डर शोधायचं, प्रीफिक्स तिथं सेट करायचा, इनसमॉड नॉर्मल, मग नॉर्मल. बूट झाला की ग्रब नीट परत इन्स्टॉल करून टाकायचा. एसडी कार्ड मोठं म्हणून पार्टिशन वाढवायला गेलेल्या आणि मग ओपनडब्ल्यूआरटी अपग्रेड केलेल्या राउटरवर हे हमखास होतं, कारण अपग्रेड पार्टिशन टेबल परत आपल्या मापाचं लिहू शकतो.

कर्नल पॅनिक, म्हणजे सगळ्यात जास्त माहिती

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक’ ही ओळ बघून लोक घाबरतात आणि इमेज मारायला घेतात, पण या एका ओळीत आणि तिच्या वरच्या चार ओळींत जवळजवळ सगळं लिहिलेलं असतं. शेवटी कंसात दोन आकडे असतात ते बघा.

कंसात ०,० असेल तर कर्नलला रूटचं डिव्हाइसच सापडलेलं नाही. त्याच्या वर ‘उपलब्ध पार्टिशन’ म्हणून यादी छापलेली असते. ती यादी रिकामी असेल तर कर्नलला कार्डच दिसत नाहीये, म्हणजे ड्रायव्हर नाही, किंवा कार्ड मेलंय, किंवा कार्ड उठायच्या आतच कर्नलनं घाई केली. यादीत कार्ड दिसतंय पण वेगळ्या नावानं, तर फक्त नाव बदललंय, कार्ड ठणठणीत आहे. आणि कंसात १७९,२ किंवा ८,१ असे खरे आकडे असतील, १७९ म्हणजे एमएमसीची कार्डं आणि ८ म्हणजे एसडीए वगैरे डिस्क, तर डिव्हाइस सापडलंय पण त्यावरची फाइलसिस्टिम माउंट होत नाहीये, मग एफएससीके या फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडचं काम किंवा कर्नलमध्ये त्या फाइलसिस्टिमचा सपोर्ट नाही.

नाव का बदलतं? अलिक्सवर जुन्या कर्नलमध्ये सीएफ कार्ड एचडीए असायचं, नवीन कर्नलमध्ये एसडीए झालं, आणि ग्रबच्या ओळीत जुनंच लिहिलेलं. एपीयूमध्ये अजून मजा, एपीयू१ चा एसडी स्लॉट आतून यूएसबीला जोडलेला आहे, त्यामुळं कार्ड एसडीए वगैरे दिसतं, आणि एपीयू२ मध्ये खरा एसडी कंट्रोलर आहे म्हणून तेच कार्ड एमएमसीबीएलके० होतं. एकातलं कार्ड काढून दुसऱ्यात घातलं की पॅनिक ठरलेलाच.

अंबडच्या एका वर्कशॉपमधला एपीयू१ लाईट गेल्यावर कधी चालू व्हायचा, कधी नाही. कार्ड बदलून झालेलं, अॅडॉप्टर बदलून झालेला. कन्सोल लावून पॅनिकच्या वरची यादी वाचली तर त्यात एसडीए होतं पण साइज काही मेगाबाइटच, आणि खरं कार्ड खाली एसडीबी म्हणून. ४जी डोंगलच्या आत ड्रायव्हरची फाइल ठेवलेली छोटी स्टोरेज असते, ती आधी उठली की एसडीए तिची, कार्ड आधी उठलं की एसडीए कार्डाची. दोघं यूएसबीवरच, त्यामुळं कोण आधी उठेल याचा नेम नाही. डोंगल काढला की दर वेळी बूट. इलाज म्हणजे रूट समोर नाव न लिहिता पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, लिहायचा. आता इथं एक फरक आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो: इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उठणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) नसेल तर कर्नलला स्वतःहून फक्त पार्टयूयूआयडी कळतो, फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कळत नाही. ब्लॉक-आयडी कमांड दोन्ही दाखवते, बघून बरोबर तोच उचला.

त्यासोबत रूटवेट हा शब्द कर्नलच्या ओळीत टाका. म्हणजे कार्ड उठेपर्यंत कर्नल थांबतो. पण रूटवेट टाकलेलं असताना नाव चुकलं तर तो पॅनिक न करता कायम वाट बघत बसतो, ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ एवढंच दिसतं, तेव्हा ते लटकणं वेगळं काही समजू नका.

हे सगळं कार्ड न काढता करून बघता येतं. ग्रबच्या मेन्यूत ई दाबा, कर्नलच्या ओळीत बदल करा आणि कंट्रोल एक्सनं बूट करा. एफ१० पण चालतं असं लिहिलेलं दिसेल, पण सिरीयलवरून एफ१० बऱ्याचदा पोचत नाही, कंट्रोल एक्सच धरा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळं बिनधास्त प्रयोग करा, चालला की मग ग्रबच्या फाइलमध्ये कायम लिहा.

थिन क्लायंटमधल्या सीएफ अडॅप्टरचा एक वेगळा रोग आहे. स्वस्त अडॅप्टरात डीएमएच्या, म्हणजे डेटा थेट मेमरीत नेण्याच्या, वायरी जोडलेल्याच नसतात, कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, कर्नल विश्वास ठेवतो आणि मग दर थोड्या वेळानं टाइमआउट, रिसेट, टाइमआउट, रिसेट, बूटला पाच-दहा मिनिटं. लॉगमध्ये डीएमएचे एरर दिसले की कर्नलच्या ओळीत लिबएटीए डॉट डीएमए बरोबर ० टाकून बघा. वेग कमी होतो, पण राउटरला बूट झाल्यावर कार्डाकडून फारसं काही लागत नाही.

एसडीवर एररचा आकडा बघा. मायनस ११० म्हणजे टाइमआउट, कार्डानं उत्तरच दिलं नाही, मायनस ८४ म्हणजे सीआरसी चुकला, माल आला पण खराब. ८४ ला मी आधी संपर्क आणि पॉवर तपासतो, ११० सतत येत असेल तर कार्डाची आशा सोडतो.

कर्नल उठला पण पुढं अडकला

डेबियनसारखं काही असेल तर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट मोजतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये पडतो. नव्वद टक्के वेळा एफएसटॅब या माउंटच्या यादीत कुठली तरी यूएसबी डिस्क लिहिलेली असते जी आता जोडलेली नाही. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, त्या ओळीला नोफेल लावा, झालं. पासवर्डच माहीत नसेल तर ग्रबमधून कर्नलच्या ओळीला इनिट बरोबर बिन शेल लावून थेट शेलमध्ये जाता येतं.

घड्याळाचा सेल हा अजून एक लपलेला चोर. बोर्डावरचा सीआर२०३२ संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते, मग एफएससीके म्हणतो की सुपरब्लॉकमधली (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकमधली) माउंटची वेळ भविष्यातली आहे, आणि काही सेटअपमध्ये तिथंच उत्तराची वाट बघत थांबतो. पुढं गेला तरी तारीख चुकल्यानं सर्टिफिकेट अवैध, व्हीपीएन उठत नाही. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी अख्खा राउटर बदललेला मी बघितलाय.

ओपनडब्ल्यूआरटीत बूट अर्ध्यावर गडबडत असेल तर फेलसेफ वापरा. बूट होताना ‘एफ दाबा आणि एंटर करा’ अशी ओळ येते, तेव्हा दाबलं की ओव्हरले, म्हणजे तुमच्या बदलांचा थर, न माउंट करता मूळ सिस्टिम उठते, आयपी १९२.१६८.१.१. इथं राउटर नीट चालला तर कार्ड, कर्नल, पॉवर सगळं ठीक, तुमचं कॉन्फिग किंवा एखादं पॅकेज बिघडलंय. माउंट रूटची कमांड देऊन ओव्हरले जोडा आणि ईटीसी कॉन्फिगमधल्या फाइल आधी लॅपटॉपवर कॉपी करून घ्या. फर्स्टबूट ही कमांड सगळं पुसते, ती त्याच्यानंतर.

आता कार्ड हातात घ्या

लॅपटॉपला लावल्यावर एलएसबीएलके करून नाव दोनदा वाचा, कारण पुढच्या कमांडला चुकीचं नाव दिलं तर लॅपटॉपची डिस्क जाते. ऑटोमाउंट झालं असेल तर अनमाउंट करा. मग पहिलं काम इमेज काढायची, आणि साध्या डीडीनं नाही तर डीडीरेस्क्यूनं, मॅप फाइलसकट. डीडी पहिल्या खराब सेक्टरला थांबतो, डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी काढून घेतो आणि खराब जागी परत येतो. मधेच कार्ड रुसलं, काढून घातलं, तरी मॅप फाइलमुळं तिथून पुढं सुरू करता येतं.

दुरुस्ती त्या इमेजच्या कॉपीवर करायची, मूळ कार्डावर नाही. एक्स्ट४ असेल तर एफएससीके मायनस एफ. सुपरब्लॉकच सापडत नाही म्हणाला तर बॅकअप सुपरब्लॉक द्यायचा, ४ केबीच्या ब्लॉकला तो ३२७६८ वर असतो, आणि लहान पार्टिशनवर ब्लॉक १ केबीचे असतात तिथं ८१९३ वर. स्क्वॉशएफएसला (ओपनडब्ल्यूआरटीच्या फक्त वाचता येणाऱ्या भागाला) एफएससीके नसतोच, तो भाग खराब असेल तर मूळ इमेजमधून परत लिहायचा आणि ओव्हरलेमधल्या अपर फोल्डरातून तुमचं ईटीसी कॉन्फिग वाचवायचं. कॉन्फिग हातात आलं की निम्मं ओझं उतरतं.

कार्ड खरंच मेलंय का हे कसं ओळखायचं? झिजलेली एसडी कार्डं बऱ्याचदा मरताना रीड-ओन्ली होतात, आणि काही तर खोटं बोलतात, लिहून झालं म्हणतात, एरर नाही, आणि काढून परत घातलं की जुनाच माल. म्हणून टेस्ट अशी: काहीतरी लिहा, सिंक करा, कार्ड बाहेर काढा, परत घाला आणि मग वाचून तुलना करा. न काढता तुलना केली तर लॅपटॉपच्या कॅशमधून उत्तर येतं आणि तुम्ही फसता. नवीन इमेज मारल्यावरही हीच पद्धत, सीएमपी कमांडनं इमेज आणि कार्ड ताडून बघायचं.

नवीन घेतलेलं कार्डही तपासा. एमजी रोडवर असो की ऑनलाइन, नावाजलेल्या ब्रँडच्या नकली कार्डांची कमी नाही, ३२ जीबी लिहिलेलं आणि आत ८. एफ३ नावाचं टूल लिनक्सवर मिळतं, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. पूर्ण कार्ड भरून परत वाचू द्या, वेळ लागतो, लागू द्या. राउटरला ३२ जीबीची गरज नसते, पण मोठ्या कार्डाला झीज वाटून घ्यायला जागा जास्त मिळते म्हणून मोठं घेणं वाया जात नाही. परवडत असेल तर इंडस्ट्रियल कार्ड. स्वस्तातल्या टीएलसी फ्लॅशचा एकेक सेल साधारण हजार-एक वेळा लिहून होतो, जुन्या एसएलसीचा लाखापर्यंत जायचा, त्यामुळं पंधरा वर्षं जुनं छोटं सीएफ अजून चालतंय आणि गेल्या वर्षीचं एसडी गेलं हे आश्चर्य नाही.

बूट झालाय, पण नेट नाही

पिंग होत नाही म्हणजे बूट झाला नाही असं नसतं. कर्नल अपग्रेडनंतर किंवा नवीन कार्ड लावल्यावर ईथ० आणि ईथ१ या नेटवर्क पोर्टांच्या नावांची अदलाबदल होते, वॅन लॅनच्या जागी जातो आणि बाहेरून राउटर मेल्यासारखा दिसतो. कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट येत असेल तर आधी लॅपटॉपची केबल दुसऱ्या पोर्टात घालून बघा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत त्यामुळं फायबर तुटलेली असण्याची शक्यता तर आहेच, ओएनटीवर, म्हणजे फायबरच्या डब्यावर, लाल दिवा असेल तर राउटरला का छळायचं.

चालू झाल्यावर, डबा बंद करायच्या आधी

माउंटला नोएटाइम लावा, स्वॅप बंद करा, लॉग रॅममध्ये ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी मुळातच लॉग रॅममध्ये ठेवतो, डेबियनवर हे स्वतः करावं लागतं. ट्रॅफिकचे ग्राफ काढणारं पॅकेज दर थोड्या वेळानं कार्डावर लिहीत असतं, ते एक तर काढा किंवा त्याचा डेटा रॅममध्ये ढकला. सिसअपग्रेड मायनस बी नं कॉन्फिगचा बॅकअप काढून राउटरच्या बाहेर ठेवा, राउटरमध्येच ठेवलेल्या बॅकअपचा काय उपयोग.

आणि एक तयार कार्ड, बूट करून तपासलेलं, छोट्या पाकिटात घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाका. क्लोन करताना दोन ८ जीबीची कार्डं शेवटच्या काही मेगाबाइटला सारखी नसतात, मोठ्याची इमेज लहानात मावत नाही, म्हणून पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा मोकळी सोडा. दोन्ही कार्डांचा पार्टयूयूआयडी क्लोनमुळं सारखाच असतो, त्यामुळं दोन्ही एकदम एकाच मशीनला लावू नका. झाकणावर मार्करनं सिरीयलचा स्पीड आणि क्लोनची तारीख लिहा.

अलिक्सबद्दल माझं मत विचाराल तर ५०० मेगाहर्ट्झचा जीओड आणि २५६ एमबी रॅमवर आता वारंवार कष्ट घेण्यात अर्थ नाही. एकदा कार्ड बदलून चालला तर चालू दे, पण बोर्डच गेला तर त्याला जुन्या बाजारात जोडीदार शोधू नका. पीसी इंजिन्सनं एपीयूसुद्धा बंद केलेत, त्यामुळं पुढचा डबा घेताना त्यात एसएसडीची जागा आहे का एवढं बघून घ्या.